बिझनेसची डिग्री कुठल्या देशात करायची? कॉलेज सगळ्यात शेवटी बघा

मी बँकेत एज्युकेशन लोनच्या फायली बघतो. मे-जून आला की टेबलासमोर आई, वडील आणि मोबाईलमध्ये मान घातलेलं पोर असे तिघं येऊन बसतात आणि प्रश्न ठरलेला असतो, साहेब वॉरिक चांगलं का टोरांटो? आता वॉरिकही चांगलं आणि टोरांटोही चांगलं, त्यात मी काय सांगणार. पण मागच्या वर्षी हाच प्रश्न सांगलीहून ताईच्या घरातनं आला, भाचीला बारावी कॉमर्सनंतर बिझनेस शिकायला बाहेर जायचं होतं, आणि मग टेबलाच्या पलीकडे बसून मला पहिल्यांदा नीट कळलं की हे ठरवायचं कसं. तिची यादी अशी होती: हॉलंडमधलं रॉटरडॅम, इटलीत मिलानचं बोकोनी, इंग्लंडमधलं वॉरिक आणि बाथ, कॅनडात टोरांटोचं रॉटमन, सिंगापूरची नॅशनल युनिव्हर्सिटी म्हणजे एनयूएस, आणि हे काहीच नाही जमलं तर मुंबईत एनएमआयएमएस. सगळे जण कॉलेजपासून सुरुवात करतात आणि पैशावर येऊन अडकतात. आम्ही उलट्या टोकापासून धरलं.

आधी हप्ता

फी किती हा प्रश्न नंतर. आधी हे विचारा की पोरगी डिग्री घेऊन परत आली, तिकडे नोकरी लागली नाही, तर हप्ता कोण भरणार आणि किती दिवस. अभद्र बोलतोय असं वाटेल, ताईला वाटलंच होतं, पण दाजी दुकानदार माणूस, त्यांना लगेच पटलं.

हिशोब वहीच्या एका पानावर मावतो. समजा ४० लाखांचं लोन, व्याज १० टक्के, मुदत १० वर्षं, तर महिन्याचा हप्ता होतो साधारण ५२,९०० रुपये. यात कोर्स चालू असतानाचं व्याज धरलेलं नाही, ते वेगळं साठत जातं, म्हणून जमेल तर ते महिन्याच्या महिन्याला भरत जा. आता पोरगी पुण्या-मुंबईत ३५ हजारांवर लागली असं धरा. हप्ता पगारापेक्षा मोठा! म्हणजे ४० लाखांचं लोन घेणं हा दाजींनी आपल्या दुकानावर घेतलेला निर्णय आहे, पोरीच्या पगारावर नाही, हे घरात मोठ्यानं बोलून टाकायचं. दाजींनी आकडा सांगितला, पंचवीसच्या वर लोन नको, बाकीचं एफडी मोडून. झालं, इथेच निम्मी यादी आपोआप बारीक झाली.

तारणाचं पण आत्ताच बघा, नंतर पळापळ होते. सरकारी बँकांच्या नेहमीच्या स्कीममध्ये साडेसात लाखांच्या वर सहसा तारण लागतं, काही नावाजलेल्या युनिव्हर्सिट्यांना सूट मिळते पण ती यादी बँकेगणिक वेगळी. आणि आपल्याकडं लोक छाती फुगवून म्हणतात चार एकर आहे की, पण शेतजमीन बहुतेक बँका या लोनला घेत नाहीत, एनए प्लॉट, फ्लॅट, एफडी हे चालतं. किती तरी लोकांना हे ऑफर लेटर हातात आल्यावर कळतं आणि मग गावातला फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, वाटणी झालीय का, हे सगळं महाभारत जूनमध्ये सुरू होतं.

मग देशांचे आकडे घ्या, पण फी आणि राहणं एकत्र, आणि पूर्ण कोर्सचे, एका वर्षाचे नाही. अमेरिका, कॅनडा, सिंगापूर, हाँगकाँग इथं कोर्स साधारण ४ वर्षांचा, इंग्लंड, हॉलंड, इटली, ऑस्ट्रेलिया इथं बहुतेक ३ वर्षांचा. त्यामुळे वर्षाची फी स्वस्त दिसली तरी चौथं वर्ष सगळं गणित फिरवतं. बोकोनीची फी वर्षाला १६-१७ हजार युरोच्या घरात होती, आम्ही युरो १०५ रुपये धरला आणि मिलानचं राहणं-खाणं धरून तीन वर्षांचा आकडा काढला तर दाजी थोडा वेळ नुसतं पानाकडे बघत बसले. रॉटरडॅमची फी त्याहून कमी. अमेरिकेचं तर बोलूच नका, व्हार्टन ही तिथली नावाजलेली बिझनेस स्कूल ज्या युनिव्हर्सिटीत आहे तिथं राहण्यासकट वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या वर जातो, आणि बाहेरच्या देशातल्या पोरांनी आर्थिक मदत मागितली की त्याचा ॲडमिशनवर परिणाम होऊ शकतो. मोठी स्कॉलरशिप नसेल तर आमच्यासारख्या घरानं ते नाव वहीत लिहूच नये.

जर्मनी फुकट आहे असं कुणीतरी सांगणारच. अर्धं खरं आहे. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४ पासून बॅचलरला सेमिस्टरला २ ते ३ हजार युरो लावलेत, शिवाय व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातनं महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) ठेवायचे, म्हणजे तरीही इंग्लंडच्या मानानं स्वस्तच. पण खरी मेख वेगळी आहे, नुसत्या बारावीवर तिथं थेट प्रवेश सहसा मिळत नाही, जेईई ॲडव्हान्स्ड तरी पास हवी किंवा इथल्या मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटीत एक वर्ष पूर्ण केलेलं हवं, नाहीतर तिकडं जाऊन स्टुडिएनकोलेग, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या आधीचा तयारीचा कोर्स. कॉमर्सच्या पोराला जेईईचं काय घेणंदेणं, त्यामुळे त्याचा रस्ता एफवाय इथं करून मग जायचा. वर इथली मार्कशीटं-सर्टिफिकेटं तपासून मिळणारं एपीएस सर्टिफिकेट लागतं, आणि सरकारी युनिव्हर्सिटीत बिझनेसचे बॅचलर कोर्स बरेचसे जर्मनमधून. ज्याला खरंच जर्मन शिकायची हौस आहे त्याच्यासाठी हा सोन्यासारखा रस्ता आहे, बाकीच्यांनी स्वस्तच्या नादात जाऊ नये.

स्कॉलरशिपबद्दल एकच. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचं नाव खूप जण घेतात, ती मास्टर्स आणि पीएचडीला आहे, बॅचलरला नाही. ती धरून बजेट करू नका.

मग अकरावीचा फॉर्म

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं पोरगं आत्ता दहावीत असेल तर एवढा एकच परिच्छेद वाचलात तरी चालेल. आपल्याकडे कॉमर्सला बुककीपिंग, ओसी, इकॉनॉमिक्स ठरलेलं, आणि मग गणित घ्यायचं का एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) हा प्रश्न येतो. निम्मा वर्ग एसपी घेतो कारण मार्क पडतात. आणि तिथंच बाहेरची निम्मी दारं बंद होतात, कुणी सांगत पण नाही. रॉटरडॅम, बोकोनी, वॉरिक, एनयूएस, सगळीकडे पहिल्याच वर्षी स्टॅटिस्टिक्स आणि गणित येतं, आणि जिथं प्रवेशालाच बारावीचं गणित मागतात तिथं एसपीवाल्याचा अर्ज पुढं सरकतच नाही. सीबीएसईच्या पोरांनी अप्लाइड मॅथ्स आणि साधं मॅथ्स यातला फरक प्रत्येक युनिव्हर्सिटीला मेल टाकून विचारून घ्यावा, काही ठिकाणी अप्लाइड चालत नाही. मेल टाका म्हणजे खरंच टाका, ॲडमिशन ऑफिसवाले उत्तर देतात, आणि ते उत्तर जपून ठेवा.

भाचीनं गणित घेतलं होतं ते केवळ तिच्या क्लासच्या सरांनी कान धरला म्हणून. नशीब.

मार्कांचं पण एक आहे. इंग्लंडमधल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्या स्टेट बोर्डाला सीबीएसईपेक्षा जास्त टक्के मागतात, आणि काही जण एकूण टक्के न बघता चार चांगले विषय धरतात. त्यामुळे एकूण ८६ टक्के बघून रडत बसू नका आणि हुरळूनही जाऊ नका, त्यांच्या पानावर भारत, मग महाराष्ट्र बोर्ड असं शोधून आपला आकडा त्यांच्या पद्धतीनं काढा.

डिग्रीनंतर किती महिने

आपल्या लोकांचा दुसरा हमखास प्रश्न, प्लेसमेंट किती टक्के? बाहेर आपल्यासारखी कॅम्पस प्लेसमेंट नसते हो. करिअर सर्व्हिस असते, ते सीव्ही बघतात, कंपन्यांचे कार्यक्रम ठेवतात, पण अर्ज तुमचा तुम्ही करायचा. म्हणून टक्के विचारण्यापेक्षा हे विचारा की डिग्री झाल्यावर नोकरी शोधायला देश किती दिवस राहू देतो, आणि बँकेचा हप्ता कधी सुरू होतो. लोनला साधारण कोर्स संपल्यावर एक वर्षाची सवलत असते. हॉलंडमध्ये डिग्रीनंतर एक वर्ष मिळतं. म्हणजे दोन्ही घड्याळं एकाच दिवशी वाजणार! हे मी इतकी वर्षं फायली बघून कधी शेजारी शेजारी ठेवून बघितलं नव्हतं, भाचीनं वहीत दोन रेघा मारल्या तेव्हा दिसलं.

इंग्लंडला आतापर्यंत दोन वर्षं मिळायची, पण १ जानेवारी २०२७ पासून जो अर्ज करेल त्याला १८ महिनेच, म्हणजे आत्ता बॅचलरला जाणाऱ्यानं १८च धरायचे, दोन वर्षं असं जो कन्सल्टंट अजून सांगतो त्याच्यापासून लांब राहा. आयर्लंडला सगळे दोन वर्षं म्हणतात, ती मास्टर्सवाल्यांची, बॅचलरला १२ महिने. कॅनडात चार वर्षांची डिग्री केली की तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं, हे सगळ्यात दणकट, पण २०२४ पासून त्यांनी स्टडी परमिटवर मर्यादा घातलीय, प्रांताचं पत्र लागतं, आणि खर्चाची सोय म्हणून दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर झालीय, तीही फी आणि तिकीट सोडून. अमेरिकेत १२ महिने, कोर्स स्टेममध्ये, म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनीअरिंग, गणित यात मोडत असेल तर आणखी २४, म्हणून तिथं साधं बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन घेताय का बिझनेस ॲनालिटिक्स, याला खूप अर्थ आहे, कोर्सचा सीआयपी कोड काय ते विचारा, कोर्स स्टेममध्ये बसतो का ते त्या सरकारी कोडवरून ठरतं. त्यानंतर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, ते सगळ्यांना माहितीय.

सिंगापूरची गंमत वेगळी. तिथल्या सरकारचं ट्यूशन ग्रँट घेतलं की फी बरीच खाली येते आणि बदल्यात डिग्रीनंतर तीन वर्षं सिंगापूरच्या कंपनीत काम करायचं, जामीनदार द्यावे लागतात. ताई म्हणाली, बाँड? नको बाई, पोरगी अडकली तिकडे. मला उलट वाटतं. पोरगी तिकडे नोकरीच करायला चाललीय ना, मग तीन वर्षं राहा म्हणणारा देश वाईट कसा. फक्त नोकरी ते लावून देत नाहीत, ती शोधायची आपणच. पण तिथं सीट मिळणं अवघड, भाचीला मिळाली नाही, विषय संपला.

आता युरोपबद्दल एक गोष्ट जी ब्रोशरमध्ये ठळक अक्षरात नसते. तिकडे बॅचलर ही अर्धीच वाट समजतात. बोकोनी, रॉटरडॅममधली पोरं मोठ्या संख्येनं लगेच मास्टर्सला जातात, आणि बऱ्याच चांगल्या नोकऱ्या मास्टर्सवाल्यालाच विचारतात. म्हणजे तीन वर्षांचं बजेट केलंत तर तिसऱ्या वर्षी पोराचा फोन येणार, बाबा अजून एक वर्ष. ते वर्ष आत्ताच हिशोबात धरा, नाहीतर तीन वर्षांत नोकरी हे ध्येय असेल तर इंग्लंडकडे बघा, तिथं बॅचलरवर नोकरी लागणं हे रीतसर आहे. बाथसारख्या ठिकाणी प्लेसमेंट इयर असतं, तिसरं वर्ष कंपनीत पगारावर काम, आणि चौथ्या वर्षी परत कॉलेज. माझ्या मते बिझनेस शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी ते एक वर्ष रँकिंगच्या वीस पायऱ्यांपेक्षा मोलाचं आहे. पण ते वर्ष शोधायलाही अर्ज करावे लागतात आणि नाही मिळालं तर तीन वर्षांचा कोर्स होतो, हे पण खरं.

शिकता शिकता पार्टटाइम काम करून फी भरेन असं म्हणणाऱ्या पोराला नियम दाखवा. इंग्लंडात टर्म चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात कॅम्पसबाहेर २४, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. हॉलंडमध्ये १६ तास, आणि तेही मालकानं तुमच्यासाठी परमिट काढायचं, त्यामुळे कॅफेवाला नको म्हणतो. या पैशात किराणा निघतो, फी नाही.

आता कुठं कॉलेज

इथपर्यंत आलो तेव्हा यादीत तीनच नावं उरली होती, रॉटरडॅम, बोकोनी, बाथ, आणि मुंबई. म्हणजे चार.

रँकिंगचं म्हणाल तर फायनान्शियल टाइम्सची जी यादी सगळे फॉरवर्ड करतात ती एमबीए नाहीतर मास्टर्सची असते, बॅचलरची नसते. यूएस न्यूजची अमेरिकेतल्या बॅचलर बिझनेसची यादी फक्त तिथल्या डीन आणि वरिष्ठ प्राध्यापकांना एकमेकांबद्दल काय वाटतं यावर बनते. बिझनेस स्कूल्स तीन मानांकनं मिळून ट्रिपल क्राउन म्हणून मिरवतात, त्यातलं एक, अँबा, ते तर एमबीएसारख्या पदवीनंतरच्या कोर्सेससाठीच. या सगळ्यावरून शाळा बोगस नाही एवढं कळतं, पोरीला झेपेल का ते कळत नाही.

त्यासाठी आम्ही दोन कामं केली. एक, पहिल्या वर्षाचं वेळापत्रक आणि नापासाचे नियम काढले. डच युनिव्हर्सिट्यांमध्ये पहिल्या वर्षी ठरावीक क्रेडिट्स झाली नाहीत तर त्या कोर्समधनं बाहेर काढतात, पत्रच येतं. आपल्याकडच्या एटीकेटीची सवय असलेल्याला हे ऐकून घाम फुटतो. भाचीला सरळ विचारलं, तुला झेपेल? ती म्हणाली, मामा तू बारावीला असंच घाबरवलं होतंस. कॅनडातलं आयव्ही बिझनेस स्कूल बघत असाल तर तिथं पहिली दोन वर्षं दुसरं काहीतरी शिकून मग शेवटची दोन वर्षं बिझनेस, सगळं केस स्टडीवर, वर्गात बोलण्याला मार्क. न बोलणारं पोरगं तिथं पाठवताना विचार करा.

दुसरं काम लिंक्डइनचं. युनिव्हर्सिटीच्या पानावर ॲल्युम्नाय म्हणून भाग असतो, त्यात तोच कोर्स टाकायचा आणि ज्यांनी शाळा भारतात केलीय अशी पोरं शोधायची, दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेली. ती आज कुठल्या शहरात आहेत आणि हुद्दा काय ते वहीत उतरवायचं. वीसेक जणांची नावं झाली की चित्र दिसतं. त्यातल्या पाच-सहा जणांना भाचीनं मेसेज टाकला, मराठीत टाकला एका आडनाव बघून, आणि त्या मुलानं रविवारी चक्क पाऊण तास फोन केला, डच शिकल्याशिवाय छोट्या कंपन्या दारात उभं करत नाहीत, पहिल्या दिवसापासून भाषा शीक, असं त्यानं सांगितलं ते कुठल्या ब्रोशरात मिळणार होतं?

याच्या उलट अनुभव कन्सल्टंटचा. डेक्कनवरच्या एका ऑफिसात आम्ही गेलो, सेवा फुकट, चहा चांगला. आम्ही रॉटरडॅम म्हणालो, त्यांनी तीन वेगळ्याच युनिव्हर्सिट्यांची पत्रकं पुढं केली. मी विचारलं यांच्याकडून तुम्हाला कमिशन मिळतं का, तर साहेब म्हणाले, तसं काही नाही सर, टाय-अप आहे. टाय-अप म्हणजेच ते. त्यात बेकायदा काही नाही, पण ज्यांच्याकडून कमिशन येत नाही ती नावं त्यांच्या तोंडून निघणार नाहीत, एवढं धरून चाला.

तारखा

आपला बोर्डाचा निकाल मे महिन्यात आणि बाहेरचे अर्ज त्याच्या चार-सहा महिने आधी. इंग्लंडला यूकास या सामायिक अर्जाच्या वेबसाइटवरून एकाच अर्जात पाच पर्याय, मुदत जानेवारीत, ऑक्सफर्डला इकॉनॉमिक्स अँड मॅनेजमेंट करायचं असेल तर १५ ऑक्टोबर. रॉटरडॅमचा इंटरनॅशनल बिझनेस कोर्स मर्यादित जागांचा, अर्ज १५ जानेवारीपर्यंत आणि १५ एप्रिलला रँकिंग नंबर येतो. बोकोनीच्या फेऱ्या वेगवेगळ्या असतात, त्यांची स्वतःची टेस्ट किंवा सॅट चालते.

आणि बऱ्याच ठिकाणी प्रेडिक्टेड मार्क लागतात, म्हणजे बोर्डात किती पडतील याचा कॉलेजनं लिहून दिलेला अंदाज. ज्युनियर कॉलेजात जाऊन प्रेडिक्टेड मार्क द्या म्हणालात तर क्लार्क तुमच्याकडं असं बघेल जसं तुम्ही त्याचं भविष्य विचारलंय. भाचीनं नमुना स्वतः टाइप करून नेला, अकरावीचे आणि सहामाहीचे मार्क जोडले, प्रिन्सिपल मॅडमना दोन ओळीत समजावलं, तेव्हा कुठं लेटरहेडवर सही-शिक्का मिळाला, चार खेपा झाल्या. हे काम दिवाळीच्या आधी करा, नंतर सगळे प्रॅक्टिकल आणि प्रिलिमच्या गडबडीत असतात. इंटिग्रेटेड क्लासवाल्यांनी तर आणखी आधी, कारण तिथं कॉलेजच्या लोकांनी पोराचं तोंडही पाहिलेलं नसतं.

डिपॉझिट भरण्याआधी व्हिसा नाकारला तर परत मिळतं का, किती कापून, हे लेखी बघा. परदेशी पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर टीसीएस हा आगाऊ कर कापला जातो, तो रिटर्न भरताना वळता होतो पण तोपर्यंत अडकतो, बँकेच्या एज्युकेशन लोनमधून गेलेल्या पैशावर तो लागत नाही. म्हणून घरचे आणि लोनचे पैसे कुठल्या वर्षी कुठून पाठवायचे हे सीएला एकदा विचारा.

१५ एप्रिलला भाचीचा रॉटरडॅमचा नंबर जागांच्या आत लागला. बाथ महाग पडत होतं, बोकोनी दाजींच्या पंचवीसमध्ये मास्टर्स धरून बसत नव्हतं, त्यामुळे घरात फार वाद झालाच नाही, वहीचं पान समोर होतं. वाद झाला तो रूमवरून. हॉलंडमध्ये घरांची इतकी टंचाई आहे की काही युनिव्हर्सिट्यांनी मागे उघड सांगितलं होतं, रूम नसेल तर येऊ नका. आणि याच गोष्टीवर टपून बसलेले लोक आहेत, मी सध्या परदेशात आहे, दोन महिन्यांचं भाडं पाठवा, चावी कुरिअरनं येईल, असा मेल आम्हालाही आला, फोटो एकदम झकास, भाडं बाजारापेक्षा कमी. ताई पैसे पाठवायला निघाली होती. भाचीनं लिंक्डइनवरच्या त्याच मुलाला पत्ता पाठवला, तो सायकल घेऊन जाऊन बघून आला. त्या नंबरला लाँड्री होती.